पिवळे प्रश्न

मानवजातीच्या इतिहासात मोजकेच नकार असे झाले, ज्यांनी काळाला दारातूनच परत पाठवलं. जालन्याच्या गोदातीर बियाणे कंपनीच्या बीज परीक्षण विभागाने 'सांगड' या यंत्रणेला दिलेला नकार त्यांच्याच पंक्तीत बसतो, असं त्या विभागाचं ठाम मत आहे. विभागात नऊ माणसं आहेत. त्यांतला एक जण त्या दिवशी मेहुणीच्या लग्नाला परतूरला गेला होता. त्याने मांडवातूनच फोनवर नकार कळवला. मागे बँड वाजत असल्यामुळे तो नकार होता की जेवायचं आमंत्रण, यावर अजून दोन मतं आहेत.

विभागाला स्वतःचा अभिमान जरा जास्तच आहे, पण तो अगदी बिनकामाचा नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा जो आकडा छापलेला असतो, तो या खोलीत जन्माला येतो. ओल्या कागदाच्या गुंडाळीत दाणे मांडायचे, गुंडाळी जर्मिनेटरमध्ये, म्हणजे ठरलेलं तापमान राखणाऱ्या कपाटात, उभी करायची आणि कोंब आले की निरोगी किती, विकृत किती ते मोजायचं. मोजायचं काम आता कॅमेरा करतो. पण प्रत्येक गुंडाळीत दोन-चार रोपं अशी निघतातच, जी धड निरोगी नसतात आणि धड विकृतही नसतात. कॅमेरा ती बाजूला काढतो आणि माणसाची वाट बघत बसतो. त्या दोन-चार रोपांवर विभागाचे पगार चालतात.

या रोपांबाबत विभागात एक रीत आहे. ती कुठल्याही नियमावलीत नाही. दुसऱ्याने दिलेला निर्णय बदलायचा असेल, तर ट्रे उचलून त्याच्या टेबलापाशी जायचं आणि म्हणायचं, "बघता का जरा?" समोरचा चष्मा कपाळावर चढवतो, बघतो, मान हलवतो. मग काय ते बदला. ट्रे न नेता परस्पर निकाल फिरवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या देव्हाऱ्यातले देव इकडचे तिकडे करण्यासारखं.

रोहिणी पवळ यांनी ते एकदा केलं होतं.

तेव्हा त्या नव्या होत्या, हुशार होत्या आणि घाईत होत्या. उत्तम खरातांनी पास केलेला ज्वारीचा एक लॉट त्यांनी परस्पर नापास केला. कोण बरोबर होतं हे कळायला आता मार्ग नाही, कारण रोपं त्याच दिवशी कचऱ्यात गेली. त्यामुळे दोघेही आजतागायत बरोबर आहेत. खरात तेव्हा एवढंच म्हणाले होते, "मला विचारायला हवं होतं." त्यानंतर बोलणं बंद. पुढे रोहिणीताई विभागप्रमुख झाल्या आणि त्यांनी पेढे वाटले. खरातांनी पेढा घेतला, रुमालात बांधला आणि खाल्ला की नाही ते कुणाला कळू दिलं नाही.

बोलणं बंद, पण एक अपवाद होता. त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून खरात रोज सकाळी आपल्या खुर्चीतून उठत, अख्खी खोली ओलांडून रोहिणीताईंच्या टेबलापाशी येत आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "मॅडम, ज्वारीला तापमान किती ठेवायचं?"

"पंचवीस."

"बरं."

आणि परत जात. ज्या माणसाने उभी हयात ज्वारीत घालवली, त्याचा हा प्रश्न. विचारणं कसं असतं, हे ते करून दाखवत होते. पहिले काही महिने रोहिणीताईंचे कान लाल होत. मग नुसत्या भुवया वर जाऊ लागल्या. मग तेही थांबलं. कापसाचा हंगाम असो, तुरीचा असो, प्रश्न ज्वारीचाच. नव्या माणसाला कुठला नळ गळतो आणि कुठली खुर्ची मोडकी आहे हे सांगतात, त्याच ओघात हेही सांगितलं जाई. वर्षं गेली. दिवाळीनंतर खरात निवृत्त होणार होते.

आणि उन्हाळ्यात 'सांगड' आली.

ती घेऊन पुण्याहून ईशान गोखले आला. त्याचं पद होतं 'स्वीकार व्यवस्थापक', म्हणजे लोक एखादी गोष्ट स्वीकारेपर्यंत हसतमुख राहण्याचं काम. त्याने प्रत्येकाच्या हातात गळ्याला चिकटवायची एक पातळ, कातडीच्याच रंगाची पट्टी दिली आणि कानामागे ठेवायचं एक बटण दिलं.

"माणूस मनातल्या मनात बोलतो ना," तो समजावू लागला, "तेव्हा तोंड बंद असतं. पण मेंदू सवयीने गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंना हुकूम सोडतोच, फक्त फार हलका. स्नायू हलत नाहीत. विजेची एक बारीक लहर येऊन जाते."

हे विज्ञानाला बऱ्याच काळापासून माहीत होतं. नवी होती ती लहर कातडीवरून टिपणारी पट्टी आणि प्रत्येक माणसाच्या लहरींतून त्याचे शब्द ओळखायला शिकणारा प्रोग्राम. नऊ गळे एकमेकांना जोडले की विभागाला मिळून एकच डोकं तयार होई. तुमच्या मनात आलं, 'हा लॉट कुठल्या गोदामातला?', की ज्याला ते माहीत आहे त्याच्या साठलेल्या शब्दांतून उत्तर निघून तुमच्या कानात हजर. कुणी उठायचं नाही, कुणाला अडवायचं नाही, कुणाचं काम मोडायचं नाही.

"म्हणजे मनातल्या मनात दिलेली शिवीपण जाणार का हो याच्यात?" नझीम शेखने विचारलं. नझीमभाई विभागातले सगळ्यांत बोलके.

"ती गाळली जाते, सर."

"गाळून ठेवता कुठं?"

ईशान हसतमुख राहिला.

यंत्रणेचा दुसरा गुण कुणी मागितला नव्हता. तो आपोआपच निघाला होता. प्रश्न तोंडातून बाहेर पडण्याआधीच त्याचं उत्तर विचारणाऱ्याच्या स्वतःच्या गळ्यात उमटलेलं असेल, तर पट्टीला तेही कळे. म्हणून प्रत्येक टेबलावर एक दिवा बसवला होता. खऱ्या प्रश्नाला हिरवा. उत्तर माहीत असताना विचारलेल्या प्रश्नाला पिवळा. पिवळा म्हणजे वाया गेलेला वेळ. तो मोजून मुख्य कार्यालयाला कळवायचा होता.

पहिल्या सकाळी खरात उठले, खोली ओलांडून आले आणि म्हणाले, "मॅडम, ज्वारीला तापमान किती ठेवायचं?"

पलीकडे त्यांच्या रिकाम्या टेबलावर पिवळा दिवा लागला.

"पकडले गेलात, खरातसाहेब!" नझीमभाई ओरडले आणि खोली हसली. खरातही हसले, पण ओठांपुरतं. 'पंचवीस' ऐकायला ते थांबले नाहीत.

नझीमभाईंचं हसू दुपारपर्यंत टिकलं. मग त्यांनी रोजच्यासारखं तेजश्रीला विचारलं, "तेजू, नमुन्यांच्या कपाटाची किल्ली कुठंय गं?" आणि दिवा पिवळा झाला.

तेजश्री भालेराव विभागात सगळ्यांत लहान. हिवाळ्यात तिचे वडील गेले, आणि कामावर परत आल्यापासून ती कुणाशी फारसं बोलत नव्हती. तिने दिव्याकडे बघितलं, मग नझीमभाईंच्या खिशाकडे. किल्लीची दोरी बाहेर लोंबत होती.

"म्हणजे तुम्ही रोज खोटंच विचारत होता?"

"खोटं काऊन? किल्ली तर खरीच हाय."

"मग विचारायचं कशाला?"

नझीमभाई कपाट उघडून उगाच आत बघत राहिले.

आठवडाभरात कळलं, की विभागातले निम्म्याहून जास्त प्रश्न पिवळे आहेत. जुनी माणसं नव्यांना जे विचारतात, ते त्यांना येतं का हे बघायला. नवी माणसं जुन्यांना जे विचारतात, ते त्यांना बरं वाटावं म्हणून. काही प्रश्न काल चढलेला आवाज उतरवायला, काही नुसतेच 'आज गप्प का?' याच्या ऐवजी. मुख्य कार्यालय खूश झालं. इतका वेळ वाचवण्यासारखा असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

आणि तो वाचू लागला. प्रत्येक पिवळ्या दिव्याबरोबर खोलीतलं एकेक बोलणं बंद पडलं. ज्याला त्याला खरेच प्रश्न विचारायची शिस्त लागली, आणि मग असं दिसलं, की ज्याने आयुष्यभर एकच काम केलंय त्याच्याजवळ खरे प्रश्न फारसे नसतातच. जर्मिनेटरच्या पंख्याचा आवाज येतो, हे विभागाला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. खरात सकाळी आपल्या जागेवर बसून राहू लागले. कामाचा वेग मात्र वाढला, यात वाद नाही.

मुख्य कार्यालयातून सरव्यवस्थापकांचा फोन आला. "रोहिणीताई, तुमचा विभाग आदर्श म्हणून दाखवणार आहोत. शुक्रवारी व्हिडिओवर सगळ्या शाखांसमोर 'आम्ही स्वीकारतो' एवढं म्हणायचं. मग तीनही प्रयोगशाळा एकाच छत्राखाली, प्रमुख तुम्ही, पुण्यात."

ही जागा रोहिणीताईंना हवी होती. ती त्यांची होती, असंच त्या धरून चालल्या होत्या. घरी नवऱ्याला सांगितलं. सुधीर पवळ स्वयंपाकघरात उभे होते.

"पुणे! तू किती वर्षं वाट बघतेस याची," ते म्हणाले. "आता मागे हटू नकोस. मी इथलं बघतो." मग जरा थांबून म्हणाले, "मीठ कुठंय गं?"

मिठाचा डबा त्यांच्या हातात होता.

रोहिणीताई डब्याकडे बघत राहिल्या. त्यांना आठवलं, लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी या माणसाला या घरात काही ना काही सापडत नाही. त्या इतकी वर्षं समजत होत्या, की माणूस वेंधळा आहे.

"फडताळात," त्या म्हणाल्या.

"बरं," म्हणून सुधीरनी हातातल्या डब्यातलं मीठ आमटीत टाकलं.

दरम्यान लोक पट्टी काढून ठेवू लागले होते. कुणी कुणाशी ठरवलं नव्हतं. ईशानने कारणं विचारायला सुरुवात केली. एकाला मानेवर पुरळ येत होतं. एकीचं मंगळसूत्र पट्टीत अडकत होतं. एकाने सांगितलं, शर्टाची कॉलर बसत नाही. नझीमभाई म्हणाले, "बायको म्हणते, गळ्यात पट्टा बांधून फिरू नका, शोभत नाही."

"पण सर, बाहेरून दिसतसुद्धा नाही ती."

"बायकोला दिसते."

ईशान तेजश्रीकडे वळला. "तुम्ही तरी खरं सांगा. यंत्रणा वाईट आहे का?"

"चांगली आहे."

"अवघड आहे?"

"छे. सोपी आहे."

"नोकरी जाईल असं वाटतं?"

"तसं काही नाही हो." तिने टेबलावरचा दिवा सॉकेटमधून उपटला, वायर नीट गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघत मोठ्याने म्हणाली, "नझीमभाई, किल्ली विचारायची राहिली आज."

नझीमभाई ताडकन उठले. "हां, तेजू, कुठंय गं किल्ली?"

"तुमच्या खिशात."

"अरे हो की!"

दिवा ईशानच्या हातात होता, त्यामुळे या प्रश्नाचा रंग कळला नाही.

शुक्रवारी सकाळी ईशान रोहिणीताईंच्या टेबलाशी येऊन बसला. हसतमुख नव्हता. त्याने टॅब्लेट पुढे सरकवला. पडद्यावर दोन रेषा होत्या.

"मॅडम, ही वरची खरात सरांची. पहिल्या दिवशी विचारायला आले तेव्हाची. इथे बघा, प्रश्नाच्या आधीच 'पंचवीस'. म्हणून पिवळा."

"ते सगळ्यांना माहीतच आहे."

"हो. पण खालची तुमची आहे. ते खुर्चीतून उठायच्या आधीच तुमच्या गळ्यात 'पंचवीस' तयार आहे."

"सवय."

"मलाही तेच वाटलं. पण मग हे बघा. त्यानंतर ते एकदाही आलेले नाहीत." त्याने बोटाने रेषा पुढे सरकवली. दुसरा दिवस, तिसरा, चौथा. वरची रेष सपाट होती. खालच्या रेषेत रोज सकाळी एक छोटा उंचवटा होता. "तुम्ही रोज उत्तर देताय, मॅडम. विचारायला कुणी येत नसताना."

रोहिणीताईंनी टॅब्लेट परत त्याच्याकडे सरकवला.

"मशीन बिघडलं असेल."

"नाही, मॅडम. तपासलं मी."

"मग ते नीट चाललंय, हे कुणाला सांगू नका."

"सांगणार नाही. पण तुम्ही ते वापरणार आहात का?"

समोर व्हिडिओचा पडदा लावून तयार होता. थोड्याच वेळात सगळ्या शाखा त्यावर दिसणार होत्या. त्यांच्यासमोर एक वाक्य म्हणायचं होतं, आणि त्या वाक्यापलीकडे पुणं होतं. रोहिणीताईंनी गळ्याची पट्टी नखाने सोडवली आणि टेबलावर ठेवली. मग त्या उठल्या, कॅमेऱ्याने बाजूला काढलेल्या रोपांचा एक ट्रे उचलला आणि खोली ओलांडायला लागल्या.

खरातांच्या टेबलाच्या दिशेने ही खोली त्या कधी चालल्या नव्हत्या. नझीमभाईंचा हात कपावर तसाच राहिला. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि कान वर केले.

खरात टेबलावर वाकून काही लिहीत होते. सावली पडली तशी त्यांनी मान वर केली.

"खरात," रोहिणीताई म्हणाल्या, "बघता का जरा?"

खरातांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. चष्मा कपाळावर चढवला. रोप उजेडाकडे धरलं, मूळ बघितलं, पान बघितलं, उलटं करून पुन्हा बघितलं. ज्वारीचं रोप होतं. त्यात एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

"निरोगी आहे," ते शेवटी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं."

"मग विचारायला कशाला आलात?"

"विचारायला हवं होतं," रोहिणीताई म्हणाल्या.

खरातांनी रोप परत ट्रेमध्ये ठेवलं, फार सावकाश, जणू ते त्या जुन्या लॉटमधल्या, कचऱ्यात गेलेल्या रोपांतलंच एक होतं. चष्मा खाली ओढला. तो पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला. एवढ्या वर्षांत मॅडमसमोर त्यांच्या तोंडून त्या एका प्रश्नाशिवाय आपणहून दुसरं काही निघालं नव्हतं, त्यामुळे आता काय काढावं हे त्यांना कळत नव्हतं. मग सापडलं.

"मॅडम, ज्वारीला तापमान किती ठेवायचं?"

"पंचवीस."

"बरं," खरात म्हणाले आणि हसले. या वेळी हसू ओठांच्या पुढे गेलं.

व्हिडिओवर सरव्यवस्थापक आले. त्यांनी विभागाचं कौतुक केलं, वेग सांगितला, टक्केवारी सांगितली आणि म्हणाले, "हं, रोहिणीताई, सांगा सगळ्यांना."

"साहेब, आम्ही ही यंत्रणा स्वीकारत नाही."

पडद्यावरच्या सगळ्या शाखा एकदम सरळ बसल्या.

"कारण?"

रोहिणीताईंनी मागे पाहिलं. विभाग उभा होता. कुणी बोलावलं नव्हतं तरी सगळे उठून त्यांच्या खुर्चीमागे आले होते, लग्नातल्या फोटोला उभे राहतात तसे. खरात अगदी कडेला, पण फोटोत.

"आमचं एकमेकांशी बोलणं बंद पडतंय," त्या म्हणाल्या.

"बोलणं नको म्हणूनच तर ती आणली!"

"तेच कारण, साहेब."

"ही जागा मग दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, कल्पना आहे ना?"

"आहे."

"आणि बाकीच्यांचं काय म्हणणं?"

"मॅडमचं तेच आमचं," खरात म्हणाले. रोहिणीताईंच्या बाजूने त्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि ते सगळ्या शाखांनी ऐकलं. विभागाची छाती तेव्हा जी फुगली, ती अजून पुरती खाली आलेली नाही. नझीमभाईंनी तिथेच फोन लावून परतूरच्या मांडवातून नववं मत मिळवलं. ते मत काय होतं त्याबद्दल वर लिहिलंच आहे.

पट्ट्या परत गेल्या. पुण्यातली जागा नांदेडच्या एका माणसाला मिळाली. त्याच्या विभागात सगळे दिवे हिरवे आहेत, आणि कँटीनवाल्याने तिथला चहा निम्म्यावर आणलाय. ईशानने अहवाल लिहिला. खरं कारण लिहिण्यासाठी त्यात रकाना नव्हता, म्हणून त्याने सगळ्यांत आधी ऐकलेलं लिहिलं: मानेवर पुरळ. पट्टी बनवणाऱ्या कंपनीने पुढच्या वर्षी मऊ कापडाची पट्टी काढली.

जायच्या दिवशी तो दारापर्यंत पोचला आणि परत वळला. "नझीमभाई, बसस्टँडला कसं जायचं?" तो तिथूनच रोज येत होता. नझीमभाईंनी त्याला चौकातल्या पुतळ्यापासून सगळा रस्ता समजावून सांगितला, दोनदा.

दिवाळीनंतर खरात निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशीही ते उठले, खोली ओलांडून आले आणि विचारलं. रोहिणीताईंनी उत्तर उठून उभं राहून दिलं. आता ते सकाळी फोन करतात. घरी त्यांच्याकडे जर्मिनेटर नाही, ज्वारीही फक्त भाकरीपुरती.

विभागात नवीन कुणी आलं, की त्याला ही सगळी हकीकत अभिमानाने सांगितली जाते. ती ऐकून तो जर्मिनेटर बघायला जातो. जर्मिनेटरच्या दारावर बनवणाऱ्या कंपनीनेच प्रत्येक पिकाचं तापमान लाल अक्षरांत छापलेलं आहे. ज्वारी सगळ्यांत वर आहे. खरातांचं टेबल त्या दारासमोर होतं.